स्तनपान आणि ॲलर्जी: आईवर ठपका ठेवण्याइतका पुरावा आहे का?

रानजाई:
माझी मुलगी चार महिन्यांची असताना तिच्या गालांवर लाल चट्टे उठले आणि त्यांतून पाणी सुटू लागले. बाळाला पाहायला आलेल्या बहुतेक बायकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "अंगावर पाजत नाहीस का?" मी पाजत होते, वरच्या दुधाचा थेंबही तिला दिलेला नव्हता. आईचे दूध जंतुसंसर्गापासून बाळाला जपते, याविषयी मला शंका नाही. चिकाच्या दुधात आयजीए प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना रोखणारी प्रथिने, भरपूर असतात, ती बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर जंतूंना चिकटू देत नाहीत, आणि आईच्या आतड्याची ज्या जंतूंशी गाठ पडलेली असते त्यांच्याविरुद्धच ती तयार होत असल्याने घरातल्या जंतूंवर नेमकी लागू पडतात. परंतु "अंगावर पाजले की ॲलर्जी होत नाही" हे विधान तितक्याच खात्रीने करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सांजवारा:
रानजाईताई, आपला त्रास समजतो, तरीही मी असहमत आहे. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली ३१ प्रसूतिगृहांतील १७,०४६ बाळांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी प्रसूतिगृहांची विभागणी करून काही ठिकाणी मातांना स्तनपान टिकवण्यासाठी विशेष साहाय्य दिले गेले. त्या गटात पहिल्या वर्षातील पोटाच्या संसर्गाचे प्रमाण १३.२ ऐवजी ९.१ टक्के आणि ॲलर्जीच्या इसबाचे ६.३ ऐवजी ३.३ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मे, आढळले. हे बाजूला सारले, तर पावडरचे दूध विकणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळेल. त्यांच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी आपल्याकडे १९९२ साली कायदा करावा लागला होता.

रानजाई:
तीच मुले साडेसहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली, तेव्हा दमा किंवा त्वचाचाचणीतील ॲलर्जी यांपासून संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. याउलट २०१५ साली लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर झालेला प्रयोग पाहावा. ज्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यातील शेंगदाण्याची ॲलर्जी पाचव्या वर्षी सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे आईच्या दुधाइतकेच उष्टावणानंतर ताटात काय पडते, याकडेही पाहायला हवे.

सांजवारा:
शेंगदाण्याबाबतचा मुद्दा मान्य आहे. मात्र अशा बाळांना ते डॉक्टरांना विचारूनच द्यावेत, आणि अख्खा दाणा तर घशात अडकतो म्हणून मुळीच देऊ नये. तरीही पहिले वर्ष मी गौण मानणार नाही, कारण इसबाने चिरलेल्या त्वचेतून अन्नातील प्रथिने शरीरात शिरतात आणि तिथूनच पुढची ॲलर्जी जडू शकते. आपल्याकडे आलेल्या बायकांनी मात्र पाजण्याची चौकशी करण्याआधी त्या चट्ट्यांवर काय लावतेस, हे विचारायला हवे होते.