गाडी आधीच उभी असेल तर
'सरकारी जमीन आहे, शिकारीला कुणीही कुठेही बसावं' असं कुणी म्हणतं; ते कायद्याने बरोबर, पण टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीत ते जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत वसंतातल्या हंगामात माणूस झाडाला पाठ टेकून, झाडीत मिसळून जाणाऱ्या (कॅमोफ्लाज) कपड्यांत, नराला बोलावायला मादीचा आवाज काढत बसतो. त्या आवाजाच्या रोखाने दुसरा बंदूक घेऊन दबकत आला की झालंच! म्हणून आवाजाचा माग काढत जायचं नाही. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको. नराचं डोकं त्याच रंगांचं. कुणी येताना दिसलं तर हात हलवू नका, जोरात हाक मारा. नर पळेल, पळू दे.

वाटेच्या तोंडाशी दुसऱ्या शिकाऱ्याची गाडी दिसली तर सरळ दुसरी जागा गाठा. अंधारात कुणाच्या शेजारी जाऊन बसणं हा निव्वळ आगाऊपणा.