मदत हवी आहे: जुन्या एमएक्स-५मध्ये सीटमागे पाणी साचतंय. आधी गळती शोधू की आधी वेल्डिंग?

बेडूकवाला:

नमस्कार मंडळी,

मी लेस्टरला राहतो. गेल्या ऑगस्टात बऱ्याच वर्षांची हौस भागवली आणि १९९६ची माझदा एमएक्स-५ घेतली. पहिल्या पिढीची, बटण दाबलं की दिवे वर येणारी. म्हणूनच घरात तिला 'बेडूक' म्हणतात. १.८ लिटरचं इंजिन, ८४ हजार मैल झालेत, लाल रंग टपापाशी उन्हाने गुलाबी पडलाय. सप्टेंबरभर टप उघडून इतकी फिरवली की बायको म्हणाली, "केस तरी विंचरून ऑफिसला जात जा."

आता दुखणं सांगतो. नोव्हेंबरपासून ड्रायव्हर सीटच्या मागचं कार्पेट ओलं राहतंय. सकाळी काचा आतून धुरकटलेल्या असतात. परवा मुलीने मागे बोट दाबलं तर पाणी वर आलं. टप आधीच्या मालकाने तीन वर्षांपूर्वीच नवा घातलाय, कुठे फाटलेला नाही. रविवारी मी आत बसलो आणि बायकोने वरून पाइपने पाणी मारलं (जरा जास्तच उत्साहाने). दाराच्या काचेच्या पुढच्या कोपऱ्यातून गुडघ्यावर दोन-चार थेंब आले. टपातून एकही नाही. तरी मागे तळं आहेच.

दुसरं म्हणजे त्याच बाजूला मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पत्र्यावर रंगाला फोड आलाय. रुपयाच्या नाण्याएवढा असेल. स्क्रूड्रायव्हरने दाबला तर पत्रा मऊ लागला. पोटात गोळाच आला. एमओटी (इथली गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) मार्चमध्ये आहे. जवळच्या गॅरेजवाल्याने गाडी वर न उचलताच सांगितलं की दोन्ही बाजूंचे सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या) कापून नवे लावावे लागतील, हजार पौंडांच्या वर जाईल.

तर प्रश्न असे: पाणी येतंय कुठून? आधी वेल्डिंग करू की आधी गळती? आणि यातलं घरच्या अंगणात किती जमेल? माझ्याकडे ट्रॉली जॅक, दोन स्टँड आणि सॉकेट सेट आहे. अनुभव म्हणाल तर साताऱ्यात बाबांच्या चेतकचा प्लग साफ करायचो, तेवढाच.

जाता जाता, सकाळी इंजिनच्या वरच्या बाजूने पाचेक मिनिटं टिकटिक येते आणि मग जाते. हे गंभीर आहे का?

नट_बोल्ट:

टप शाबूत आहे म्हणूनच पाणी बरोबर तिथे जातंय. या गाडीत टपावरचं पाणी बाहेर फेकलं जात नाही. टपाच्या मागच्या कडेला, आतल्या अंगाने एक पन्हळ आहे. ती पाणी झेलते आणि दोन्ही टोकांना, म्हणजे सीटबेल्टच्या खांबांच्या मागे, एकेका भोकात सोडते. तिथून नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली उघडते. गच्चीवर पानं तुंबली की पाणी जसं जिन्यातून घरात येतं, तसंच हे. भोक तुंबलं की पाणी काठावरून आत सांडतं. थोडं कार्पेटखाली जातं, थोडं सिलच्या पोकळीत. तुमचा फोड त्या पोकळीचा आहे, म्हणजे गंज आतून बाहेर आलाय.

तपासायला काही उघडावं लागत नाही. टप अर्धा दुमडा, टॉर्च घेऊन सीटबेल्टच्या खांबामागे बघा आणि अर्धा मग पाणी हळूच ओता. गाडीखाली लगेच धार पडली तर वाट मोकळी. पडली नाही किंवा भोक भरून वर आलं तर सापडला चोर.

साफ करताना लोखंडी तार घालू नका. माझ्या मित्राने हँगर सरळ करून घुसवला, आतला प्लास्टिकचा भाग फाटला आणि मग मोकळ्या भोकातूनही पाणी आतच जायला लागलं. पडद्याची प्लास्टिक आवरणाची स्प्रिंग किंवा गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी वापरा. गोल फिरवत, जोर न लावता. वरून कोमट पाणी. दोन्ही बाजू करा, एक करून थांबू नका.

आणि टप दुमडताना एक सांभाळा. तुमची मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर आधी चेन उघडून ती सपाट खाली ठेवा, मगच टप मागे न्या. या दिवसांत गारठलेलं प्लास्टिक दुमडलं तर काचेसारखं तडकतं. घरात असेल तो टॉवेल मध्ये घाला, नाहीतर आधी हीटर लावून आतली हवा गरम करा.

चाकोरीबाहेर:

अठ्ठावीस-तीस वर्षांची गाडी, तीही बर्फासाठी मीठ पेरलेल्या रस्त्यावर. विका आणि टोयोटाची साधी यारिस घ्या. भिजायची हौस असेल तर लोणावळ्याला जा.

नट_बोल्ट:

@चाकोरीबाहेर, यारिसचे दिवे वर येतात का?

गंजवाली_ताई:

मी कॉव्हेंट्रीत असते. माझ्याकडे तुमच्याच गाडीच्या वयाची १.६ लिटरची एमएक्स-५ आहे आणि तिचे दोन्ही सिल मी करून घेतलेत, म्हणून लिहितेय.

आधी गळतीच. आत पाणी येत असताना वेल्डिंग करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. नवा पत्रा दोन हिवाळ्यांत पुन्हा फुगेल.

पण वेल्डिंग टळेल, अशी खोटी आशा ठेवू नका. पत्रा मऊ लागला म्हणजे गेलाच. एमओटीवाले सीटबेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या बिंदूंपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत आहे का ते बघतात, आणि तुमचा कोपरा नेमका त्याच टापूत येतो. तिथे पुट्टी किंवा फायबर लावून चालत नाही. चांगल्या पत्र्यापर्यंत कापून, ठिगळ सलग वेल्ड केलेलं हवं. फ्रिजवरचं चुंबक मऊ कापडात गुंडाळून दोन्ही सिलवर फिरवून बघा. जिथे धरत नाही तिथे आधीच कोणीतरी पुट्टी भरलीये.

गॅरेजवाल्याच्या आकड्यावर मात्र लगेच हो म्हणू नका. त्याने गाडी उचललीच नाही, मग दोन्ही बाजू गेल्यात हे कळलं कसं? फक्त मागचा तुकडा गेला असेल तर तेवढाच तुकडा मिळतो आणि बसतो. जुन्या गाड्यांचं वेल्डिंग करणाऱ्या दोघांकडून वेगळा अंदाज घ्या. कार्पेट काढून गेलात तर त्यांनाही आतून बघता येतं, आणि वेल्डिंगच्या ठिणगीने ते पेटतही नाही.

कार्पेट काढायला सीट काढावी लागते. ती चार बोल्टांवर असते. खाली वायर असेल तर आधी सोडवा. कार्पेटखालचा फोम बघून रडू येईल. स्पंज असतो तसा पाणी धरून बसतो, गाडीत ठेवून महिनाभर वाळणार नाही. घरात डिह्युमिडिफायरसमोर पसरा. वास येईल, घरच्यांना आधी कल्पना द्या.

आणि कृपा करून जॅक त्या मऊ सिलखाली लावू नका, चेपून जाईल. जॅक पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली (इंजिनखालचा आडवा लोखंडी दांडा), मागे डिफरन्शिअलखाली (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा) लावा, आणि जॅकवर विसंबून खाली शिरायचं नाही. स्टँड लावले, चाकांना ठोकळे घातले, गाडी हलवून बघितली, मगच.

वेल्डिंग झालं की सिलच्या पोकळीत लांब नळीने मेण फवारून घ्या. हे तुम्ही घरीच करू शकता, मजाही येते. एमओटी संपायच्या तारखेआधी, महिन्याला एक दिवस कमी इतकी लवकर केली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, तेव्हा फेब्रुवारीतच उरकून टाका.

टिकटिक हायड्रॉलिक टॅपेटची (इंजिनच्या झडपांवरचे, तेलाच्या दाबावर चालणारे भाग). गाडी उभी राहिली की पहिल्या पिढीत ती येतेच. इंजिन तापल्यावर जात असेल तर तेल आणि फिल्टर बदला आणि गाडीला रोज दोन मैलांऐवजी आठवड्यातून एकदा वीस मैल पळवा. फिल्टर इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) लपलेला असतो. वरून हात घालून मनगट खरवडून घेण्यापेक्षा उजवं चाक काढून तिकडून गाठा.

बेडूकवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल केलं ते सांगतो.

उजव्या भोकात अर्धा मग ओतला. गाडीखाली एक थेंब नाही, पाणी वर काठापर्यंत. नायलॉनची दोरी फिरवत गेलो तर आधी काळा चिखल, मग पाइनच्या सुया आणि शेवटी एक आख्खं मेपलचं बी निघालं. आमच्या शेजारच्यांकडे मेपल नाही, म्हणजे ते आधीच्या मालकाच्या काळातलं असणार. आता पाणी सरळ खाली जातं. डावीकडे थोडंसंच निघालं.

सीट काढली. चौथा बोल्ट गंजलेला होता, रात्रभर तेल सोडून सकाळी निघाला. फोम पिळला तर बादलीचा तळ झाकला गेला. सध्या तो आमच्या बाथटबवर टांगलाय आणि मी माझ्या मुलांच्या नजरेतून उतरलोय.

चुंबक फिरवलं. डावा सिल पूर्ण धरतो. उजवीकडे मागच्या बाजूला साधारण वीतभर जागेत धरत नाही. म्हणजे तिथे आधीच पुट्टी होती, आणि विकताना मला कोणी सांगितलं नाही. शनिवारी नॉर्थॅम्प्टनजवळच्या एका वेल्डरकडे दाखवायला नेतोय, कार्पेटशिवाय. तिथवर जायला ड्रायव्हरची सीट परत लावावी लागेल. ताई, त्या चौथ्या बोल्टाला परत लावताना ग्रीस लावू की तसाच?

गंजवाली_ताई:

त्याचे आटे झिजले असतील तर नवा घ्या, सीटच्या बोल्टात काटकसर नको. ठीक असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा आणि कॉपर ग्रीसचा अगदी हलका हात फिरवा, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कपेक्षा (आवळायच्या जोरापेक्षा) जास्त आवळू नका. वेल्डरने पुट्टी खरवडून काढली की फोटो टाका, आतला पत्रा बघायचाय.