तोतयाच्या कादंबरीत शेवटी तो खराच भाऊ निघावा का?

कसबापेठ
काल एका वाचकाने लिहिलं, की पानिपतानंतरच्या काळावर रहस्यकादंबरी यायला हवी, तिच्या मध्यभागी सदाशिवरावभाऊंचा तोतया असावा आणि शेवटच्या पानावर तो खराच भाऊ निघावा, 'नाहीतर वाचण्यात मजा काय?' रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

14 जानेवारी 1761 ला एका दिवसात घरंच्या घरं बसली. नानासाहेबांच्या हाती पडलेल्या सावकाराच्या पत्रात दोन मोती गळाल्याचं लिहिलं होतं. विश्वासराव आणि भाऊ ही नावं लिहायला त्याचा हात धजला नाही. जूनमध्ये नानासाहेबही पर्वतीवर वारले. ज्यांची माणसं परत आली नाहीत ते दाराकडे डोळे लावून बसले. त्यांच्यात एक जण येऊन म्हणतो, मी भाऊ. सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतच त्याला धरून कैदेत टाकलं होतं. रत्नागिरीच्या किल्ल्यात तो तसाच संपला असता. पण 1776 मध्ये तिथलाच सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे त्याला बाहेर काढतो, आणि बघता बघता कोकण त्याच्या मागे उभं राहतं, फौज बोरघाटापर्यंत येते.

मला वाचायचंय ते हे. ज्याच्या कोठडीची किल्ली आपल्याकडे आहे त्या कैद्याला परांजप्यांनी मुजरा का केला? नारायणरावांचा खून होऊन तीन वर्षं झालेली, गादीवर दोन वर्षांचं मूल, राघोबादादा इंग्रजांकडे. अशा वेळी भाऊ जिवंत असणं कुणाकुणाला हवं होतं? तो खराच भाऊ ठरवलात की हे सगळे सुटले. परांजपे एकनिष्ठ, आणि त्याला देहांत शिक्षा देणारा पुण्याचा कारभारी नाना फडणीस आपल्याच धन्याचा खुनी. नानाची आई पानिपतात गेली होती हो. त्याच्यावर हे लादायचं, आणि कशासाठी, तर मजा!

अनुस्वार
ते 'मजा' लिहिणारा मीच. कादंबरी आणि बखर यांत फरक असतो. आणि मेलेला माणूस परत येत नाही हे कुणी ठरवलं? बंगालमधलं भावलचं प्रकरण घ्या. तिथल्या जमीनदारीचा कुमार 1909 मध्ये दार्जिलिंगला वारला म्हणून सगळे मोकळे झाले, 1921 मध्ये संन्यासी होऊन परत आला, बायकोने ओळखलं नाही, आणि 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनेही, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानेही, तोच खरा म्हणून निकाल दिला. त्यानंतर काही दिवसांतच तो वारला. ही कथा कुणी रचली असती तर तुम्ही तिलाही खोटी म्हणाला असता. सुखलालला मात्र पुण्याच्या दरबाराने खोटं ठरवलं, म्हणजे ज्यांचं आसन डळमळलं होतं त्यांनीच.

मोडीवाला
पुण्यावर विश्वास नसेल तर काशीराज पंडित वाचा. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे शत्रूच्या गोटात. रणात बिनडोक्याचं धड सापडलं तेव्हा ते कशावरून ओळखलं, हे त्याने लिहून ठेवलंय. पाठीवर मुजफ्फरखान गारद्याच्या वाराचा व्रण, आणि रोजच्या सूर्यनमस्कारांचे गुडघ्यांवर आणि हातांवर पडलेले घट्टे. शीर नंतर मिळालं, मग अग्नी दिला. रहस्यकथाच लिहायची तर त्या घट्ट्यांपासून सुरुवात करा ना. पण नाही. आमच्याकडे ऐतिहासिक कादंबरी आधीची कादंबरी समोर ठेवून लिहितात. रुमालच्या रुमाल मोडी कागद बांधलेले पडून आहेत. मोडी शिकायला सहा महिने पुरतात, तेवढेही कुणी देत नाही. मी तीन वर्षं फुकट वर्ग घेतले. शेवटच्या वर्षी दोघं उरले होते, त्यांतल्या एकाला फक्त जमिनीचा जुना कागद वाचून हवा होता.

अनुस्वार
वर्गाचं वाईट वाटलं, पण मुद्द्यावर या. काशीराजाने लिहिलं ते 1780 च्या सुमारास. सुखलालला पुण्यात देहांत शिक्षा झाली डिसेंबर 1776 ला. निकाल लागून शिक्षा उरकल्यावर लिहिलेली साक्ष तुम्ही पुरावा म्हणून पुढे करताय.

मोडीवाला
अयोध्येच्या नवाबाच्या चाकराला पुण्याचं मन राखायची गरज नव्हती. पण वीस वर्षांनी आठवून लिहिलंय आणि धडाला आधी शीर नव्हतं, एवढं तुमचं धरतो. एवढंच.

माळावरची
एवढ्या पुरुषांच्या साक्षी काढल्यात, भाऊंच्या बायकोचं, पार्वतीबाईंचं नाव कुणी घेतलं का? ती बाई त्या रणातून वाचून परत आली आणि तिने कुंकू पुसलं नाही. सगळे याला पतिनिष्ठा म्हणून हात जोडतात. मला त्यात भीती दिसते. कुंकू पुसलं की केस जातात, विधवेचं आलवण येतं, माजघराचा कोपरा येतो. नवरा जिवंत आहे म्हणत राहणं हाच तिला एक रस्ता मोकळा होता. कादंबरी तिच्यावर हवी. तो तोतया गेला खड्ड्यात.

सातारकर
ताई, सगळ्या बायांना एका मापाने मोजू नका. माझ्या आजीची थोरली जाऊ, आम्ही तिला थोरली आई म्हणायचो. तिचा नवरा मराठा पलटणीतून बसऱ्याकडे गेला आणि कूतच्या वेढ्यानंतर, 1916 मध्ये, बेपत्ता झाला. आमच्यात केशवपन नव्हतं. पाट लावायची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची सोय होती, स्थळंही आली होती. ती नाही म्हणाली. रोज सकाळी कपाळाला मेण लावायची, त्यावर बोटाने कुंकू, आणि तेच बोट पदराच्या काठाला पुसायची. लुगडं बदललं तरी काठाचा तो कोपरा लालच असायचा. मी डोळ्यांनी बघितलंय. तिला कसली भीती होती, ते तुम्ही सांगणार?

माळावरची
'पाटाची सोय होती' हे तिने सांगितलं की घरातल्या पुरुषांनी? पाट लावला तर नवऱ्याच्या वाटणीची जमीन कुणाकडे राहिली असती, तेही सांगा.

सातारकर
आमच्या घरात जन्मला होता का तुम्ही? ती सत्तरच्या पुढची असताना मी तिच्या मांडीवर झोपलोय. जमिनीचं इथे काढू नका.

कसबापेठ
दोघांनीही जरा दमाने घ्या, विषय कादंबरीचा आहे.

माळावरची
विषय हाच आहे. तुम्हीच विचारलंत ना, जिवंत असणं कुणाकुणाला हवं होतं?

सातारकर
रात्रभर विचार केला. जमिनीचं तुम्ही बोललात ते अगदीच खोटं नाही, तिच्या नावावर काही चढलं नव्हतं. पार्वतीबाईंपुढे पाटाचा रस्ता नव्हता हेही मान्य. पण एक सांगतो. स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी गावात एक गोसावी आला. म्हणाला, मीच तो. आजोबा काठी घेऊन धावले. थोरल्या आईने त्याला ओसरीवर बसवला, पायावर पाणी घातलं आणि कानाची पाळी बघितली. नवऱ्याचा उजवा कान लहानपणी बैलाच्या शिंगाने फाटलेला, याचे दोन्ही धड. ती आत गेली, भाकरी थापली आणि आजोबांना म्हणाली, "चार दिस ऱ्हाऊ द्या त्याला." कान बघूनसुद्धा.

अनुस्वार
कान बघूनसुद्धा ठेवून घेतलं असेल, तर मला दुसरं काही बोलता येत नाही. शेवटच्या पानावर तो खरा निघावा हे मी मागे घेतो. पण नानाला मी अजून सोडलेलं नाही, कसबापेठ. त्याने ओळख पटवण्यात घाई केली, असं लिहिणारा लेखक भेटला तर मी त्याच्याच बाजूने असेन.

कसबापेठ
तसा लेखक भेटला तर तुमच्या आधी मी विकत घेईन, आणि इथेच येऊन भांडेन. सातारकर, त्या गोसाव्याचं पुढे काय झालं?

सातारकर
पाचव्या दिवशी पहाटे निघून गेला. ओसरीवरचं घोंगडं त्याच्याबरोबर गेलं. आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, चोरलं. थोरली आई म्हणायची, मीच दिलं.