नुसते किलोवॅट बघू नका
कुणी सल्ला देतं, घरचा भार ४ किलोवॅट, तर ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर पॅनेल, बॅटरी आणि बाहेरची वीज तिन्ही सांभाळणारा) डोळे झाकून घ्या. उघडे ठेवलेले बरे! वीज गेल्यावर बॅकअपला किती वॅट मिळतात, हा आकडा माहितीपत्रकात बहुधा वेगळा असतो. आधी तो बघा. पंपाची मोटर सुरू होताना कित्येक पट करंट ओढते, म्हणून सर्ज क्षमताही, म्हणजे क्षणभर किती जास्त भार झेपतो तेही, तपासा.

आणि बॅटरी? ४८ व्होल्टवर ५ किलोवॅट म्हणजे शंभराहून जास्त अँपिअर. बॅटरीच्या बीएमएसला (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटला) ते झेपत नसेल तर इन्व्हर्टर कितीही दणकट असो, ऐन वेळी सगळं बंद पडणार. लिथियम घेणार असाल तर बॅटरी आणि इन्व्हर्टरचं कॅन किंवा आरएस-४८५ वर (एकमेकांशी माहिती देवाणघेवाणीच्या जोडणीवर) जुळतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

सोलर पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (भार न जोडता मिळणारं व्होल्टेज) थंडीत वाढतं, तेव्हा ते इन्व्हर्टरच्या कमाल मर्यादेत बसतं का, याचा हिशोब गारठ्यातला धरा.