फ्लॅशकार्डे तोंडपाठ आहेत, तरी जीवशास्त्राची उत्तरे लिहिता येत नाहीत. काय चुकत असावे?

प्रश्न (अशोक चौकातली ताई)

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ सोलापुरातच मराठी माध्यमातून दहावीला आहे. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते, त्यामुळे विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 मधले पारिभाषिक शब्द त्याला पहिल्यापासून जड जातात. वडील टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचे काम करतात. त्यांच्याकडचे उरलेले पुठ्ठे कापून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी सुमारे 300 कार्डे तयार केली. एका बाजूला संज्ञा लिहिली आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकातली व्याख्या. तो रोज रात्री सगळा गठ्ठा एकदा चाळतो आणि 'हे येतंय, हे येतंय' असे म्हणत अर्ध्या तासात संपवतो.

गड्ड्याची यात्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) आटोपताच पूर्वपरीक्षा झाली आणि त्यात 40 पैकी 19 गुण मिळाले. उत्तरपत्रिका पाहिली तेव्हा असे दिसले की जोड्या लावण्यात तो कुठे चुकला नाही, पण शास्त्रीय कारणे आणि फरक स्पष्ट करण्याचे प्रश्न त्याने एकेका ओळीत उरकले होते आणि आकृतीला नावे देताना तो पार गोंधळला होता. बोर्डाच्या परीक्षेला आता पाच आठवडेच उरले आहेत. कार्डे बाजूला ठेवावीत, की ती वापरण्याची पद्धत बदलावी?

उत्तर 1 (निवृत्त शिक्षक, होटगी रस्ता)

ताई, कार्डे टाकून देऊ नका. तुमचा भाऊ ती वाचतो आहे, त्यांच्याकडून स्वतःची परीक्षा घेत नाही, आणि अडचण नेमकी तिथे आहे. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या आठवत नाही, असा अनुभव आपल्या सर्वांना येतो. उत्तर समोर असताना 'येतंय' असे वाटणे ही त्याच जातीची ओळख आहे; परीक्षेत मात्र कोरा कागद समोर असतो. म्हणून त्याने प्रश्न वाचावा, उत्तर मोठ्याने म्हणावे किंवा कच्च्या वहीत लिहावे, आणि त्यानंतरच कार्ड उलटावे. आठवले नाही तरी अर्धा मिनिट आठवण्याचा प्रयत्न करावा, कारण खरे काम त्या अर्ध्या मिनिटात होते.

दुसरी चूक पुष्कळ हुशार मुलेसुद्धा करतात. एकदा बरोबर आलेले कार्ड ती कायमचे बाजूला ठेवतात. कार्पिक आणि रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांना स्वाहिली-इंग्रजी शब्दांच्या 40 जोड्या शिकायला दिल्या होत्या. ज्यांनी सगळ्या जोड्यांवर वारंवार स्वतःला तपासले, त्यांना आठवड्यानंतर सुमारे 80 टक्के शब्द आठवले. ज्यांनी एकदा जमलेल्या जोड्यांची चाचणी सोडून त्या नुसत्या वाचत ठेवल्या, त्यांना जेमतेम एक तृतीयांश आठवले. म्हणजे बरोबर आलेले कार्डही फिरत राहिले पाहिजे, फक्त त्याची पाळी उशिरा यावी. यासाठी जर्मन विज्ञान-पत्रकार सेबॅस्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात सुचवलेली खोक्याची पद्धत सोपी आहे. चपलांच्या खोक्यात पुठ्ठा उभा लावून तीन कप्पे करावेत. पहिल्या कप्प्यातली कार्डे रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी आणि तिसऱ्यातली आठवड्याने विचारावीत. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकले की ते कोणत्याही कप्प्यातून थेट पहिल्यात येते. मूळ पद्धतीत कप्पे जास्त आहेत, पण पाच आठवड्यांसाठी तीन पुरे.

आता कार्डावरच्या मजकुराविषयी. पुस्तकातली चार ओळींची व्याख्या जशीच्या तशी उतरवलेले कार्ड निरुपयोगी असते, कारण त्यातले अर्धे आठवले तर ते बरोबर धरायचे की चूक, हे मुलाला ठरवता येत नाही. 'ग्लुकोज विघटन' असा मथळा देण्याऐवजी ही क्रिया पेशीत कुठे होते (पेशीद्रव्यात), एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे किती रेणू मिळतात (2), आणि ऑक्सिजन नसताना किण्वपेशीत (यीस्टमध्ये) त्यांचे पुढे काय होते (इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड), अशी तीन स्वतंत्र कार्डे करावीत.

उत्तर 2 (अकरावीचा विद्यार्थी, अक्कलकोट)

ताई, मी गेल्याच वर्षी दहावी झालो आणि एसटीने ये-जा करताना कार्डांवरच अभ्यास केला, म्हणून दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. एका धड्याची कार्डे सलग घेतली की पुढचे उत्तर आपोआप सुचते आणि आपल्याला येते असा भ्रम होतो. गठ्ठा पिसून घेतला की खरे काय ते कळते. विशेषतः प्राण्यांच्या वर्गीकरणात मी समोर प्राण्याचे नाव लिहून मागे 'संघ किंवा वर्ग कोणता आणि कशावरून?' असे दोन्ही मागत असे. तारामासा नावाने मासा असला तरी कंटकचर्मी आहे आणि वटवाघूळ उडत असले तरी सस्तन आहे, हे 'कशावरून' विचारल्याशिवाय पक्के होत नाही. आपल्या नान्नजच्या माळढोक पक्ष्याचेही एक कार्ड केले होते, कारण ते वर्गीकरणालाही चालते आणि संकटग्रस्त प्रजातींच्या प्रश्नालाही.

जवळजवळच्या संज्ञांना एकत्र प्रश्न विचारणारी कार्डे 'फरक स्पष्ट करा' साठी फार उपयोगी पडली. अमिबा, पॅरामेशिअम आणि युग्लीना या तिन्ही एकपेशीय जीवांत द्विविभाजन होते, म्हणजे एकाचे दोन होतात. पण अमिबाचे कोणत्याही अक्षातून, पॅरामेशिअमचे आडवे आणि युग्लीनाचे उभे, हे तिन्ही एकाच कार्डावर मागितले तर फरक डोक्यात बसतो. आकृतीसाठी मी पुठ्ठ्यावर नावांशिवाय आकृती काढून भागांना फक्त आकडे देत असे, आणि आठवड्यातून एकदा ती आकृती न पाहता कोऱ्या कागदावर काढत असे. माझ्या घरी कन्नड बोलतात. अवघड शब्दाखाली कोपऱ्यात मी पेन्सिलीने कन्नड अर्थ लिहीत असे आणि शब्द मराठीतच पक्का झाला की तो खोडून टाकत असे. तेलुगूतही तसे करता येईल.

उत्तर 3 (उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षिका)

मी थोडे वेगळे मत मांडते. दोन तासांचा 40 गुणांचा पेपर लिहायचा असतो आणि कार्डे मुलाला लिहायला शिकवत नाहीत. 'तंतुमय पदार्थ हे महत्त्वाचे पोषकतत्त्व मानले जाते' याचे कारण विचारले की कार्डावर वाढलेला मुलगा 'कारण त्यामुळे पचन सुधारते' एवढेच लिहितो. ते आपल्याला पचवता येत नाहीत, तरीही इतर अन्नाच्या पचनाला आणि न पचलेला भाग बाहेर टाकायला त्यांची मदत होते, ही साखळी मांडल्याशिवाय पूर्ण गुण देता येत नाहीत. त्यामुळे यापुढे नवीन कार्डे करण्यात संध्याकाळचा वेळ घालवू नका. आठवड्याला दोन जुने पेपर वेळ लावून सोडवून घ्या आणि त्यात जे चुकेल, त्याचेच कार्ड करा.

उत्तर 1 लिहिणाऱ्या शिक्षकांची पुरवणी

बाईंचे म्हणणे रास्त आहे. फक्त साखळीतल्या कड्या आठवत नसतील तर ती मांडणार कशी, एवढेच मी म्हणेन. कारणांची कार्डे 'का?' असा प्रश्न लिहून करावीत आणि उत्तर वहीत तीन वाक्यांत लिहून मगच कार्ड उलटावे.

प्रश्नकर्त्या ताईंचा प्रतिसाद, आठ दिवसांनी

सर्वांचे आभार. खोके केले, आणि एकत्र केलेली व काढून टाकलेली वगळता 140 कार्डे उरली. ती निवडताना पुस्तक शेजारी ठेवले होते, तेव्हा 9 कार्डांवर मजकूरच चुकीचा उतरवलेला सापडला. भ्रूणपोषाच्या (बीजात भ्रूणाला पोसणाऱ्या भागाच्या) कार्डावर आम्ही 'पुंयुग्मक आणि अंडपेशी यांच्या संयोगातून' असे लिहिले होते. तो युग्मनज (फलित अंडपेशी) झाला, भ्रूणपोष तर दुसऱ्या पुंयुग्मकाच्या दोन ध्रुवीय केंद्रकांशी झालेल्या संयोगातून तयार होतो. तीन महिने तो हे चुकीचे उत्तर अगदी बिनचूक पाठ करत होता. आज पहिल्या कप्प्यात 61 कार्डे आहेत आणि रविवारी सकाळी घड्याळ लावून पहिला जुना पेपर सोडवायला बसणार आहे.