तासावर पैसे घेणं बंद करा आणि प्रॉडक्ट विका, पटतंय का?

धागाकर्ती (अकाउंटंट): स्पष्टच बोलते, तासावर पैसे घेण्यात आपलाच तोटा आहे. जे काम सुरुवातीला दिवसभर चालायचं ते आता तासाभरात उरकतं, म्हणजे हात बसला तशी कमाई घटली, हा कुठला न्याय? मी १३ आठवड्यांच्या कॅश फ्लोचं टेम्पलेट, म्हणजे कोणत्या आठवड्यात किती पैसे येणार-जाणार हे मांडायची तयार शीट, करून विकते, एकदा बनवलं की झालं. अनुभवी लोकांनी सर्व्हिस सोडून प्रॉडक्टकडेच वळावं.

फ्रीलान्सर: अजिबात नाही पटलं. माझ्याकडे अशाच शीट्स दुरुस्तीला येतात आणि दर वेळी तीच भानगड, बिल ज्या तारखेला फाडलं त्याच आठवड्यात पैसे जमा धरलेले, गिऱ्हाईक दीड-दोन महिन्यांनी देतं हे शीटला कोण सांगणार? मग शीटवर बक्कळ शिल्लक आणि बँकेत पगारापुरतेही नाहीत. तुम्ही समोर असता तर पहिलं हेच विचारलं असतं ना, की हा माणूस खरंच कधी पैसे देतो? लोक त्या प्रश्नाचे पैसे देतात.

धागाकर्ती: मग तो प्रश्न टेम्पलेटमध्येच घाला की! माझ्यात बिलाची तारीख आणि पैसे येण्याची तारीख वेगळ्या कॉलममध्ये आहेत, दुसरी भरल्याशिवाय आकडा पुढे जातच नाही.

फ्रीलान्सर: आणि लोक तिथे मनाला येईल ती तारीख टाकतात.

ट्रेनर: ते 'एकदा बनवलं की झालं' मला खटकलं. शंका येतात, रिफंड मागतात, नियम बदलले की अपडेट द्यावा लागतो. ऑनलाइन कोर्स विकला तरी तेच. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात आला होता, २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला, सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांत ४६ टक्के. म्हणजे फुकट वाटून उपयोग नाही हे खरं, पण पैसे भरूनही निम्म्याहून जास्त लोक मधेच सोडतात. माझ्या मते सर्व्हिसच ठेवा, फक्त किंमत आधी ठरवा. काय करणार, किती वेळा बदल करून देणार, काय करणार नाही, सगळं लेखी. मग तुम्ही पटकन काम संपवलं तर फायदा तुमचाच, आणि समोरच्यालाही बिल किती येणार याची धास्ती नाही.

आणखी एक: नोकरी करत असाल तर आधी करारपत्र वाचा. ऑफिसच्या कामासाठी बनवलेली शीट सहसा कंपनीच्या मालकीची असते, ती उचलून विकू नका.

धागाकर्ती: फिक्स किमतीचं पटलं. पण ज्याला आपली फी परवडतच नाही त्याने काय करायचं? त्याला टेम्पलेटशिवाय दुसरं काय देणार आहात, सांगा ना.

फ्रीलान्सर: चुकीच्या आकड्याचा फटका त्यालाच सगळ्यात जास्त बसतो हो, त्याच्याकडे सांभाळून घ्यायला शिल्लकच नसते. विकायचंच तर पहिली शीट भरताना अर्ध्या तासाचा कॉल सोबत द्या आणि किंमत त्या हिशोबाने लावा.