ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या कंपन्या झाल्या, आता त्यांना संसदेत जाब कोण विचारतं?

जवाहरनगरवाला: भाऊ फॅक्टरीत आहे म्हणून विचारतोय. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत (लष्करासाठी दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात) स्फोट झाला, ८ कामगार गेले. १ ऑक्टोबर २०२१ ला या फॅक्टऱ्या चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ७ सरकारी कंपन्या केल्या, भंडारा त्यातल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेली, तर आता संसदेतली कुठली कमिटी यांना बोलावून विचारू शकते? डिफेन्सची स्टँडिंग कमिटी की पीएसी, म्हणजे लोकलेखा समिती? युनियनच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

ऑडिटवाला: स्टँडिंग कमिटी आहेच, पीएसी बोर्डाच्या काळात होती, आणि एक तिसरीही आहे, तिचंच नाव कोणी घेत नाही. बोर्ड होतं तेव्हा फॅक्टऱ्या म्हणजे सरकारी खातंच, कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा रिपोर्ट यायचा आणि तो पीएसीकडे जायचा. आता सरकारी कंपनी म्हटल्यावर सार्वजनिक उपक्रम समिती आली, म्हणजे कोपू, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ मेंबर. ऑडिटर अजूनही कॅगच नेमतो आणि वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांत ठेवावा लागतो. स्टँडिंग कमिटी वेगळी, ३१ मेंबर, ती दरवर्षी मंत्रालयाच्या अनुदान मागण्या तपासते, त्यात या कंपन्या ज्याच्याखाली येतात ते डिफेन्स प्रॉडक्शन खातं येतंच.

पुणे२७: पण रोजच्या कारभारात यातल्या कमिट्यांना शिरता येत नाही, नियमातच आहे तसं. शिवाय देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन सरकार कागद द्यायला नकार देऊ शकतं. शिफारशीही बंधनकारक नाहीत, मग काय उपयोग?

ऑडिटवाला: उपयोग आहे हो. २०१८ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी स्टँडिंग कमिटीपुढे सांगितलं की आपली ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, ते रिपोर्टमध्ये छापून आलं म्हणून देशाला कळलं, नाहीतर कोण सांगणार होतं? बंद दाराआड बसतात म्हणूनच अधिकारी जरा मोकळं बोलतात असं माझं मत आहे.

जवाहरनगरवाला: मग आमच्यासारख्यांनी करायचं काय? खासदारांकडे गेलो तर निवेदन घेतात, फोटो काढतात, पुढे काही नाही.

ऑडिटवाला: नुसतं "सुरक्षा वाढवा" असं निवेदन देऊ नका. आधी बघा तुमच्या खासदारांपैकी कोणी यातल्या कमिटीवर आहे का, नसेल तर जो आहे त्याला आणि कमिटीच्या सचिवालयाला लेखी पाठवा, सेक्शनवार लिहा, कुठल्या बिल्डिंगमध्ये किती माणसं बसवतात, कुठली मशीन कधीची, कंत्राटी माणसाला ट्रेनिंग किती दिवस. मात्र गोपनीय काही टाकू नका, भावाची नोकरी जाईल. आणि कमिटीचा ॲक्शन टेकन रिपोर्ट, म्हणजे तिच्या शिफारशींवर सरकारने काय केलं त्याचा अहवाल, काढून त्यातलं चौथं प्रकरण वाचा, सरकारचं जे उत्तर कमिटीला पटलेलं नसतं ते तिथे असतं. स्फोटकांच्या फॅक्टऱ्यांबद्दल तिथे काही सापडलं तर तोच परिच्छेद निवेदनाला जोडा, नवीन मुद्दा मांडण्यापेक्षा कमिटीनेच आधी विचारलेलं परत विचारायला लावणं सोपं जातं.

पुणे२७: युनियनच्या लेटरहेडवर पाठवा, एकट्याच्या नावाने नको.